आधीचा मालक

उणे एकतीस. रात्री डिझेल तुपासारखं थिजतं इथे,
म्हणून गाडीला दाव्यानं बांधावं तसं
वायरनं भिंतीला बांधून झोपायचं
आणि पहाटे सोडवायची.
पहिल्या चावीला ती बोलत नाही. दुसरीला खाकरते.
तिसरीला अंगण पांढऱ्या धुरानं भरतं
आणि कुत्रा उठून लांब जाऊन बसतो.

शहाण्णव सालची. आकडा सहा लाख बारा हजारांवर
कधीचा अडकलाय; गाडी अडकली नाही.
मागे सोळा फुटी ट्रेलर, ट्रेलरात नऊ कालवडी,
सस्कॅचेवनचा सरळसोट रस्ता, आणि वारा समोरून.
कुठेही जा, समोरूनच.

तुझं नाव मला माहीत नव्हतं.
लिलावात घेतली, कागदावर कसलीशी कंपनी होती.
पण तुझा हात ओळखू यायला लागला
पहिल्याच हिवाळ्यात.
ट्रेलरच्या दिव्यांच्या वायरी उलगडल्या, तर
प्रत्येकीच्या गळ्यात पावाच्या पिशवीची चिमटी,
तिच्यावर मुंगीएवढं अक्षर: डावा. उजवा. ब्रेक.
एकीवर: माहीत नाही.
ती तशीच राहू दिली. मलाही अजून कळलेलं नाही.

रेडिएटर एका अंगाला कलायचा, त्याच्याखाली
दहा सेंटचं नाणं. राणी पालथी.

डॅशच्या खणात टायरची हवा बघायचं मीटर,
एकमेकींना चिकटलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या
आणि नळाचे तीन वायसर, पाकीट न फोडलेलं.
डिझेलच्या गाडीत यांचं काय काम, म्हणत
दोनदा टाकायला निघाले.

आणि मागच्या डाव्या चाकाजवळचा तो बोल्ट!
आटे जुळत नसताना हातोडीनं ठोकून बसवलास.
दोन तास गेले, करवतीची दोन पाती गेली,
त्या दिवशी तुला जे जे म्हणाले
ते इथे लिहीत नाही.
अंधार पडत आला असेल. कुणी जेवायला हाक मारत असेल.

या इंजिनात एक खुंटी असते, करंगळीच्या पेराहून लहान.
वर्षानुवर्षांच्या थरथरीनं सुटत येते
आणि एक दिवस दातेरी चाकांत पडते. मग संपलंच.
त्या धास्तीनं मार्चमध्ये मी पंखा काढला, पट्टा काढला,
पुढचं झाकण उघडलं, टॉर्च तोंडात धरून वाकले:
खुंटीच्या तोंडावर लोखंडाची पट्टी,
शेजारच्या बोल्टखाली दाबलेली.
कडा कानशीनं घासलेल्या.
जिथे कुणी बघणार नव्हतं तिथे
कडा घासलेल्या.
टॉर्च तोंडातून काढली. जरा वेळ नुसती उभी राहिले.
मग झाकण लावलं, पट्टा, पंखा. अख्खा रविवार.

परवा जनावरांच्या बाजारात, कँटीनच्या खिडकीशी
एक म्हातारी माझ्या गाडीकडे बघत होती,
कुणीतरी उतरेल म्हणून बघतात तशी.
"कॉर्नेलियसची," ती म्हणाली.
"दाराच्या खळग्यावरून ओळखली. तो खळगा माझा."
तर हे नाव तुझं.
ती अल्विना. तुला जाऊन चार वर्षं झाली म्हणे.

मी तिला वायरींचं सांगितलं, नाण्याचं, पट्टीचं.
बोल्टचं नाही सांगितलं.
ती बिनसाखरेची कॉफी ढवळत राहिली.
"गाडीचं सगळं करायचा," म्हणाली,
"आणि स्वयंपाकघरातला नळ अकरा वर्षं गळतोय.
खाली फडकं ठेवते, रात्री आवाज नको म्हणून."

मी बाहेर आले. इंजिन चालूच होतं,
या थंडीत कुणी बंद करत नाही.
खण उघडला. पाकिटावर किंमत, नव्वद सेंट.
पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरात
एकच शब्द: शनिवारी.

गुरुवार होता. मी परत आत गेले.
"घरी पाना आहे का," विचारलं,
"की माझाच घेऊन येऊ?"